मास्तरांची मान

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की वरून येणारा उजेड बंद व्हायचा आणि खालून येणारा फरशीवरून सरपटत कटिंगच्या टेबलापर्यंत पोचायचा. त्यात खडूची पूड आणि कापडाची बारीक कुसं तरंगत राहायची, कुठे जायची घाई नसल्यासारखी. मास्तरांना आठवड्यातली हीच वेळ सगळ्यात प्रिय होती. या वेळी भिंतीवर टांगलेले अर्धवट कोट माणसांसारखे दिसायचे आणि दिवसभर येऊन गेलेली माणसं, का कोण जाणे, आठवायचीच नाहीत.

आज मात्र टेबलाभोवती माणसं होती आणि चांगली तोंडं फुगवून बसली होती. मास्तरांची बायको एका कोटाला काजं करत होती. तिच्या समोर, मुद्दाम समोर, मास्तरांची थोरली बहीण अक्का जुनं अस्तर उसवत होती. धाकटा भाऊ बटणं निवडत होता, म्हणजे निवडत असल्याचं दाखवत होता. आणि चिमणी, मास्तरांची एकुलती एक लेक, लहानपणी मूठभर होती म्हणून ते नाव पडलेली आणि आता बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकणारी, कच्चे टाके काढत होती. या घरातला नियमच तसा होता. टेबलाशी बसून गंभीर काही बोलायचं तर प्रत्येकाच्या हातात काम हवं. रिकामा हात उगारला जातो, असं मास्तरांच्या वडिलांचं म्हणणं होतं, आणि त्यांना स्वतःच्या हाताचा चांगला अनुभव होता. याच टेबलावर दुकानाच्या वाटण्या झाल्या, लग्नं ठरली, एक मोडलंही, आणि अकरा वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशाचा निकाल इथेच लागला. त्या दिवसापासून अक्का आणि मास्तरांची बायको यांच्यातून आडवा विस्तव जात नव्हता.

तेव्हा मास्तरांना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या होत्या. एक, स्वरयंत्र काढून टाकायचं. आजार जाईल, आवाजही जाईल. दुसरी, शेक घ्यायचे; रोज यंत्राखाली मान न हलवता पडून राहायचं आणि किरणांनी आतला आजार जाळायचा. आवाज राहील, आजारही बहुधा जाईल. अक्काचं म्हणणं एक घाव दोन तुकडे असं होतं: काढून टाका, जीव राहिला म्हणजे झालं. बायको म्हणाली, शेक. का, ते तिने सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. ती शेक म्हणाली म्हणून तेही शेक म्हणाले. आजार गेला. आवाज राहिला, जरा घोगरा झाला इतकंच. मग हा विषय घरात घडी घालून कपाटात ठेवला गेला.

शेकांमुळे मास्तरांची मान मात्र वर्षागणिक आखडत गेली. कातडं कडक झालं, वळताना अख्खा खांदा बरोबर न्यावा लागू लागला. दुसऱ्या एखाद्या घरात माणूस डॉक्टरला विचारायला गेला असता. हे घर शिंप्यांचं. मान आखडली तर यांनी कॉलर बदलली. आधी आतलं कडक अस्तर काढलं. मग गळा अर्धं बोट सैल केला. मग अक्कानेच सुचवलं म्हणून कॉलर उरेब, तिरक्या कापलेल्या कापडाची केली, म्हणजे ती मानेबरोबर वळेल. दरवेळी सगळ्यांनी मास्तरांना आरशापुढे उभं करून आपल्याच हुशारीचं कौतुक केलं. जे बाहेरून कडक होतंय ते आतूनही होत असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते उघडकीला आलं गेल्या आठवड्यात. तोंड कोरडं पडून दात हलायला लागले म्हणून चिमणी त्यांना इस्पितळात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंड पाहता पाहता मानेला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मानेची सोनोग्राफी झाली. मेंदूकडे रक्त नेणारी डावी रक्तवाहिनी आतून अरुंद होत होत अगदी चिंचोळी झाली होती. मानेला शेक घेतलेल्यांना पुढे कित्येक वर्षांनी असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, कधी एका डोळ्यापुढे अंधारी आली होती का? हात लुळा पडला, बोलताना शब्द सापडले नाहीत, असं कधी? झालं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, रक्तवाहिनीत जाळी बसवायला हवी, कारण पुढचा झटका कायमचा ठरू शकतो. तसं काही झालं नसेल तर गोळ्या घेऊन, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून, सावकाश ठरवता येईल.

मास्तर म्हणाले, "नाही. कधीच नाही."

हे धादांत खोटं होतं. पडदा येऊन गेला होता, आणि एकदाच नाही. डाव्या डोळ्यापुढे वरून हलकेच एक राखाडी पडदा उतरायचा, थोडा वेळ राहायचा आणि आला तसा वर जायचा. पहिल्या वेळी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. पुढे मात्र, सांगायलाही लाज वाटावी, ते त्याची वाट पाहू लागले. पडद्याआड दुकान मऊ व्हायचं. मशीनचा आवाज लांब जायचा. उजव्या डोळ्याला आजचं टेबल दिसत असायचं आणि डाव्या बाजूच्या त्या राखाडीत लहानपणचं दुकान आहे असं वाटायचं. वडील कुठेतरी तिथेच आहेत, कापडावर तळहात फिरवताहेत, आणि आपल्याला कोणी हाक मारून उठवणार नाही. दुखत काहीच नव्हतं. इतकं सुखाचं काही आजार असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

पण खोटं बोलण्याचं खरं कारण ते नव्हतं. जाळी बसवतानाही क्वचित झटका येतो, वाचा जाऊ शकते, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि तसं झालं तर? ज्या आवाजासाठी शेक घेतले तोच त्या शेकांपायी जायचा. अक्का बायकोला जन्मभर पाण्यात पाहील. त्याहून वाईट म्हणजे बायको स्वतःला पाहील. त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. म्हणून सगळे आज त्यांच्या मानेचं काय करायचं ते ठरवायला जमले होते आणि ज्याच्या मानेचा प्रश्न, तो ताकाला तूर लागू देत नव्हता.

धाकट्याने सुरुवात केली. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याला जाळी बसवली होती आणि तो तिसऱ्या दिवशी पोहायला गेला होता. जाळी म्हणजे काही नाही, मनगटातून नळी घालतात, गप्पा मारता मारता होतं. बायकोने मान वर न करता विचारलं की तुमच्या त्या गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याने मानेला शेक घेतले होते का. धाकटा बटणांकडे वळला. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला सवय होती, पण शेळी उलटून बोलली की तो लगेच उतरायचा.

मग चिमणीने हातातलं काम खाली न ठेवता विचारलं, "बाबा, त्या निळ्या कोटाची डावी बाजू आखता आखता मध्येच का सोडली होतीत तुम्ही?"

"गिऱ्हाईक आलं होतं."

"रेघ खाली घसरलीय. गिऱ्हाईक आल्यावर तुम्ही खडू उचलता. घसरू देत नाही."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि ओवण्यात फार गुंतल्यासारखं केलं. लेक आपल्याकडे बघतेय हे त्यांना कळत होतं. ती लहान असताना तिच्याशी खोटं बोलणं किती सोपं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात अक्का उठली. ती आली की भावाची मान चोळायची. तिचा तो लहानपणापासूनचा हक्क होता आणि मान दगडासारखी झाल्यापासून तर ती अधिकच जोर लावायची. तिने मास्तरांच्या मागे जाऊन नेहमीसारखी बोटं पुढे केली.

"अक्का, हात लावू नका," बायको म्हणाली.

"का? माझ्या भावाची मान आहे."

"ती दाबायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

अक्काची बोटं तशीच हवेत राहिली. मग ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या शेकांनी केलीय ती अशी."

अकरा वर्षं जे वाक्य या घरात वेगवेगळ्या कपड्यांत हिंडत होतं ते एकदाचं उघडं समोर आलं. बायकोने एक टाका घातला, ओढला, आणखी एक घातला. ती म्हणाली की तेव्हा त्यांचं तोंड शाबूत होतं आणि शेकांना हो ते स्वतः म्हणाले होते. धाकटा आतापर्यंत वहिनीच्या बाजूला झुकून बसला होता. आता तो सावरून बसला आणि म्हणाला की दादा तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलाय, वहिनी? हे त्याला खरंच वाटत होतं, की अक्का मोठी आहे म्हणून तिच्याकडे जाणं बरं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मास्तरांना बोलायचं होतं. वाक्य साधं होतं आणि तयार होतं. शेक मी घेतले, माझ्या घशाला घेतले, तिला कोणी काही बोलायचं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

वाक्य तिथे नव्हतं.

शब्द शेजारच्या खोलीत आहेत असं त्यांना वाटलं. तिथे त्यांची हालचाल ऐकू येत होती, दार मात्र सापडत नव्हतं. त्यांनी हातातल्या सुईकडे पाहिलं. सुई बोटांत नव्हती. ती केव्हा पडली ते कळलं नाही, आणि उजवा हात टेबलावर असा पडला होता की जणू तो कोणी दुसऱ्यानेच तिथे ठेवून दिलाय. उजेड आणखी आडवा झाला. कुसं तरंगत होती. टेबलाच्या टोकाला वडील उभे होते, कापडाचा तागा उलगडत होते, आणि तो उलगडता उलगडता संपतच नव्हता. फार छान कापड होतं. हात लावून बघावं असं मास्तरांना वाटलं.

"बाबा, इकडे बघा. हसून दाखवा."

चिमणीचा चेहरा अगदी जवळ आला होता. ते हसले. आपण छान हसलो असं त्यांना वाटलं, पण तिचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन काढला आणि अँब्युलन्सवाल्यांना पत्ता, आजार, कोणती बाजू हे सगळं एका दमात, न अडखळता सांगितलं. पाणीसुद्धा देऊ नका, ती म्हणाली. काकाला तिने शटर वर करून रस्त्यावर उभं राहायला सांगितलं. धाकटा उठला, बटणांचं खोकं सांडलं, आणि त्या बटणांवरूनच पळत तो बाहेर गेला.

शटर वर गेलं तसा सगळा उजेड एकदम आत आला आणि वडील दिसेनासे झाले.

मास्तरांनी डावा हात उचलला. तो उचलता येत होता. तो त्यांनी बायकोच्या दिशेने केला, एवढंच. त्यासरशी सगळे त्यांच्या वतीने बोलू लागले. दाराशी उभा धाकटा म्हणाला की दादा जाळी बसवा म्हणतोय. अक्का म्हणाली की तो नको म्हणतोय, हात कसा झटकला ते पाहिलं नाहीस का? धाकटा म्हणाला की झटकला नाही, बोलावलं. मग दादाला मुळात इस्पितळं आवडत नाहीत, दादाला असं नाही तसं हवं असणार, दादा मनाने हळवा, दादा मनाने कठोर. मास्तर ऐकत होते. सुरुवातीला त्यांना त्याची गंमत वाटली. आपल्याबद्दल इतकं ठाऊक असलेली माणसं आपल्याच घरात होती हे त्यांना नवीन होतं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की दार सापडलं नाही तर पुढे हे असंच चालायचं. उरलेलं सगळं आयुष्य ही माणसं त्यांच्या तोंडात शब्द घालणार आणि प्रत्येक शब्द जरासा चुकलेला असणार, आणि तो चुकलाय हेही त्यांना सांगता येणार नाही. तो राखाडी मऊपणा त्यांना पहिल्यांदाच भयंकर वाटला. त्यांना त्यातून बाहेर यायचं होतं.

एकटी बायको काही बोलत नव्हती. तिने काम बाजूला ठेवलं, इतक्या वर्षांत त्या टेबलाशी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने उठली, येऊन त्यांचा डावा हात धरला आणि म्हणाली, "मला नाही कळत तुम्हाला काय म्हणायचंय. तुमचं तुम्हीच सांगा. मी थांबते."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आणि या वेळी तिच्या आवाजात वाद नव्हता, नुसतं विचारणं होतं. "तेव्हा शेकच का म्हणालीस गं तू?"

बायकोने नवऱ्यावरची नजर काढली नाही. "हे दिवसभर बोलत नाहीत, अक्का. तुम्हाला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाशीही मोजकंच. दिवा घालवला की बोलतात. कोणाचा खांदा कसा उतरलाय, कोणाचं पोट कसं झाकलं, कसलंही. मग विचारतात, झोपलीस का. स्वरयंत्र काढलं असतं तर खुणा शिकले असते, पाटीवर लिहिलं असतं, सगळं खरं. पण अंधारात मला खुणा कशा दिसल्या असत्या?"

चिमणी दाराकडे तोंड करून उभी राहिली. अक्का खाली बसली. तिच्या लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा नवरा गेला होता, आणि अंधारात कोणी तिच्याशी काय बोलत असे हे या घरात तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र भरून आले ते तिला लपवता आले नाहीत.

अँब्युलन्स आली तेव्हा ती पुन्हा मूळच्या अक्कासारखी उठली, सगळ्यांना बाजूला सारत. बरोबर एकालाच बसता येईल, स्ट्रेचर लावणारा म्हणाला. धाकट्याने सवयीने अक्काकडे पाहिलं. मागच्या आजारात प्रत्येक वेळी पुढच्या सीटवर तीच बसली होती.

"ही जाईल," अक्का म्हणाली आणि भावजयीच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं. "आम्ही मागून येतो."

गाडी वळणं घेत निघाली. मास्तर आडवे पडून छताकडे पाहत होते. आतला माणूस त्यांचा दंड पट्ट्यात बांधून रक्तदाब घेत होता, मधूनच बोटं हलवून बघा म्हणत होता. एकदा बोटं हलली. उजव्या हाताची करंगळी आधी, मग बाकीची, झोपेतून उठल्यासारखी. आणि त्या पलीकडच्या खोलीचं दार कोणीतरी किलकिलं केलं. एक शब्द आला, कोणत्याही कामाचा नसलेला: खिडकी. मग दुसरा. मग ते घोळक्याने येऊ लागले, आणि येतील तेवढे मास्तर मनात घेऊ लागले. ओठ हलवून त्यांनी हळूच करून पाहिलं. आवाज होता.

तरी ते लगेच बोलले नाहीत. गप्प राहिलं तर काय होईल हे त्यांना दिसत होतं. आजचा झटका सगळ्यांनी पाहिलाच होता. जाळी आता बसवतीलच. मागचं कोणाला कळायचं कारण नव्हतं. डॉक्टरीणबाईंशी ते खोटं बोलले हे त्यांच्याबरोबरच राहिलं असतं.

तो माणूस बायकोला विचारत होता, "याआधी असं कधी झालं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

इतक्या खात्रीने म्हणाली ती, जसं आपल्या हातच्या काजाबद्दल म्हणाली असती.

"झालं होतं," मास्तर म्हणाले.

आवाज फाटका आला, शब्दांच्या कडा नीट नव्हत्या, पण शब्द तेच होते. तिने वळून पाहिलं.

"डोळ्यावर पडदा येतो. महिने झाले. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं."

तिचा चेहरा आधी सैलावला, बोलले म्हणून; मग काय बोलले ते तिला पोचलं. मास्तरांनी तिला रागावलेलं अनेकदा पाहिलं होतं. हे ते नव्हतं.

"खोटं बोलायला ठेवून घेतला होता का मी तुमचा आवाज?" ती म्हणाली.

शब्द सगळे होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. त्यांनी डोळे मिटले, पण मिटल्यावर राखाडी दिसेल या भीतीने लगेच उघडले.

"तुला बोल लागेल म्हणून," ते म्हणाले. "जाळी बसवताना वाचा गेली तर. सगळे तुलाच बोलतील."

"बोलू देत."

"अक्का..."

"बोलू देत म्हटलं ना. मी काय कानांत बोटं घालायला जन्मले?" तिने नाक पुसलं. "आठवडाभर मला भीती वाटत होती ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला वाटत होती ते मला का नाही सांगितलंत?"

"आता वाटतेय," मास्तर म्हणाले. "फार वाटतेय. जाळी बसवून घेऊ. आजच घेतील तर आजच. पण आत नेण्याआधी मला तुला..." इथे एक शब्द निसटला. त्यांनी तो शोधला, सापडला नाही, तर त्याच्या शेजारचा घेतला आणि पुढे निघाले. पहिल्यांदा पडदा आला तेव्हा आपण कुठला कोट कापत होतो, ते सांगितलं. त्या राखाडीत वडील दिसायचे, ते सांगितलं. तिथे फार बरं वाटायचं, आणि तिथे ती नव्हती, हे आज टेबलाशी त्यांच्या लक्षात आलं, तेही सांगितलं. शब्द एकमेकांवर आपटत होते, पाय अडखळल्यासारखे पडत होते आणि उठून चालत होते.

"काका, आता बोलू नका," तो माणूस म्हणाला. "पडून राहा शांत. दम लागेल."

"बोलू द्या हो त्यांना," बायको म्हणाली, आणि एकही शब्द इंजिनाच्या आवाजात हरवू नये म्हणून तिने आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला.